महोत्सव वाळूवर, जमीन सातबाऱ्यावर

कोकण किनाऱ्यावर डिसेंबर ते मे या काळात आता सतत काही ना काही भरलेलं असतं. कासव महोत्सव असतो, किनारा स्वच्छता असते, खारफुटीतून होडीची सफर असते, कातळशिल्पांची फेरी असते, सायकलस्वारांचे जथे असतात. पावसात सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावरची, फुलं पाहायलाही लोक येऊ लागले आहेत. या सगळ्याकडे बघून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. फोटो काढून झाले की संपलं, असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. गावाने मिळून एखाद्या जागेवर पाऊल ठेवणं ही जागा राखण्याची आपल्याकडची फार जुनी रीत आहे, आणि किनाऱ्याची जमीन ज्या वेगाने हातची जाते आहे ते बघता ती रीत सोडून चालणार नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. हे कार्यक्रम वाळूवर सुरू होतात आणि वाळूवरच संपतात. ग्रामसभेपर्यंत आणि सातबाऱ्यापर्यंत ते पोचत नाहीत, आणि जमीन राहते किंवा जाते ती तिथेच.

वेळासपासून सुरुवात करू, कारण या विषयातलं सगळं चांगलं तिथे आहे. मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं हे गाव. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला घेतली. तोवर घरटं दिसलं की ते उकरलं जायचं. माणसाच्या हातून सुटलं तर कोल्ही-कुत्री होतीच. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. किनाऱ्यावर भरतीरेषेच्या वर कुंपण घातलेल्या लहानशा आवारात घरटी हलवलेली असतात. अंडी कधी सापडली, किती होती याची नोंद असते. पन्नासेक दिवस भरत आले की त्या जागेवर टोपली पालथी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी कासवमित्र ती उचलतो. कधी खाली नुसती वाळू असते आणि दोरीच्या अलीकडे उभी असलेली माणसं पुन्हा संध्याकाळी येतात. कधी तळहातावर मावतील अशी काळपट पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत असतात. त्यांना थेट पाण्यात सोडत नाहीत. पाण्यापासून थोड्या अंतरावर ठेवतात आणि उरलेली वाळू ती स्वतः तुडवत जातात. तेवढ्या वेळात किनाऱ्यावर कोणी मोठ्याने बोलत नाही.

हे बघायला आलेली माणसं गावात राहतात, घरच्या पंक्तीला जेवतात, पैसे गावात ठेवून जातात. ज्या गावात कासवाचं अंडं खायची किंवा विकायची वस्तू होती, तिथे ते राखण्याची वस्तू झालं. कायद्याने कासवाला संरक्षण आधीपासूनच होतं. गावाने ते मनावर घेतलं ते महोत्सवामुळे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यातल्या घरांची छपरं उडवली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तरी कासवांचं काम पुन्हा उभं राहिलं. आंजर्ल्यापासून इतर कितीतरी किनाऱ्यांवर त्याचा कित्ता गिरवला गेला. महोत्सवाने काही होत नाही असं म्हणणाऱ्याने हे जरूर बघून यावं.

पण वेळासमध्ये जे जमलं त्यामागे एक गोष्ट होती, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ज्या वाळूत कासव अंडी घालतं ती वाळू कोणाच्या खासगी मालकीची नसते. ती राखण्यासाठी कोणाला आपलं शेत, आपली बाग, आपला हिस्सा सोडावा लागत नाही. अंडी उकरायची नाहीत एवढंच पथ्य पाळायचं असतं. वाळूच्या मागे मात्र गणित बदलतं. मर्यादवेलीने धरून ठेवलेला वाळूचा उंचवटा, त्यामागचं सुरूचं बन, त्यामागच्या बागा, खाडीकाठची खाजणं, आणि वर चढून गेल्यावर लागणारा जांभ्याचा सडा यातलं बरंचसं कोणाच्या ना कोणाच्या नावावर असतं. आणि कासवाचं भवितव्य शेवटी याच जमिनीवर ठरतं. मागे रिसॉर्टचे दिवे लागले की पिल्लं समुद्राऐवजी दिव्यांकडे वळतात. उंचवटा सपाट करून बांधकाम झालं की काही वर्षांत वाळू वाहून जाते. मग दगडी धूपप्रतिबंधक बंधारा येतो, आणि बंधाऱ्यावर चढून कुठलंही कासव अंडी घालत नाही.

शिवाय महोत्सवाचा एक परिणाम असा आहे की ज्याचं उत्तर आयोजकांनी द्यायलाच हवं. महोत्सव गाजला की मागच्या जमिनीचा भाव चढतो. कासवं बघायला आलेल्या माणसाला गाव आवडतं, त्याला तिथे घर हवंसं वाटतं. ‘सी-टच’, ‘सी-व्ह्यू’, ‘एनए प्लॉट’ असे फलक गावाच्या वळणावर लागतात. दलाल फिरू लागतात. आपण ज्या जागेचं कौतुक करायला जमलो तीच जागा आपल्या कौतुकाने विक्रीला निघते. यात कोणाचा दुष्टपणा नाही. आयोजकांनी मनापासून काम केलेलं असतं, गावकऱ्यांना दोन पैसे मिळालेले असतात. पण जो कार्यक्रम जमिनीची किंमत वाढवतो आणि तिच्या राखणीची काहीच तजवीज करत नाही, तो नकळत दलालाचं काम सोपं करतो. हे बोलणं आयोजकांना लागेल हे मला माहीत आहे, तरी ते बोललंच पाहिजे.

सड्यावर तर ही अडचण आणखी उघडी पडते. रत्नागिरी-राजापूरच्या बाजूला सड्याच्या जमिनीचा सातबारा काढून बघा. वर गट क्रमांक. भोगवटादाराच्या रकान्यात नावांची रांग: आजोबांची नावं, त्यांच्या भावांची, मग वारस नोंदीने चढलेली मुलं, सुना, लग्न होऊन गेलेल्या बहिणी. कोणाचा हिस्सा किती याचे अपूर्णांक. आणि क्षेत्राच्या रकान्यात लागवडीयोग्य जेमतेम, बाकी सगळं पोटखराब. कागदाच्या लेखी ती जमीन निरुपयोगी. तीच जमीन श्रावणात जाऊन बघा. कातळाच्या खोलगट भागात बोटभर पाणी साठलेलं असतं आणि त्यात सीतेच्या आसवांचे जांभळे-निळे ताटवे उभे असतात, गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांनी आख्खा माळ भरतो, चिरेतल्या मूठभर मातीत दीपकाडीची पांढरी फुलं डोलतात. ही दीपकाडी कोकणातल्या सड्यांपलीकडे जगात कुठे मिळत नाही. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून मुरतं आणि खाली वाडीतल्या विहिरीला, पऱ्याला येऊन मिळतं. त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेले हत्ती, मासे, माणसं आहेत. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी अशा ठिकाणची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. यातलं काहीही सातबाऱ्यावर नाही. तिथे फक्त पोटखराब आहे, आणि म्हणून जांभ्याचे चिरे कापणारी चिरेखाण आली, प्रकल्प आला, की सगळ्यात आधी बोट ठेवलं जातं ते सड्यावर. पडीकच तर आहे, असं म्हणायला कागदाचा आधारही मिळतो.

यावर कायदा आहे ना, असं कोणी म्हणेल. थोडा आहे. खारफुटीच्या बाबतीत तर चांगला आहे: मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल देऊन खारफुटीची तोड आणि तिच्याभोवतीच्या ५० मीटरमधलं बांधकाम रोखलं. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ ला आली, २०११ ला बदलली, २०१९ ला पुन्हा बदलली. या शेवटच्या बदलात दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासूनचा बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणण्याची वाट मोकळी झाली. वरून ठरलेली रेषा वरूनच पुसता येते, हा त्याचा अर्थ. आणि सड्यांचा मोठा भाग तर या नियमांच्या कक्षेतच येत नाही. ते समुद्रापासून पाचशे मीटरच्या पलीकडे आहेत.

परदेशात यावर एक वाट काढली गेली. लोकांनी वर्गणी काढून जमीनच विकत घ्यायची आणि ती कायमची न्यासाच्या नावावर ठेवायची. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ साली असा पहिला न्यास उभा राहिला. इंग्लंडमध्ये नॅशनल ट्रस्ट १८९५ सालचा. त्याने १९६५ पासून खास समुद्रकिनारे विकत घेण्यासाठी नेपच्यून नावाची मोहीम चालवली आणि शेकडो मैल किनारा लोकांसाठी राखला. फ्रान्सने १९७५ साली हेच काम सरकारी संस्थेकडे दिलं. तिथल्या किनाऱ्यावरच्या गावांत फेऱ्या, जेवणावळी, शर्यती, लिलाव होतात तेव्हा जमा झालेल्या पैशाचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं: अमुक तुकडा विकत घ्यायचा आहे. कार्यक्रमाला जमिनीचा नकाशा जोडलेला असतो. शिकण्यासारखं आहे ते एवढंच.

कारण तीच पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही, न्यासालाही नाही. मालकी न बदलता जमिनीवर कायमचं ‘इथे बांधणार नाही’ असं बंधन चढवण्याची सोय अमेरिकेत आहे. आपला सुविधाधिकार अधिनियम १८८२ सालचा, आणि तो शेजारच्या जमिनीच्या उपभोगासाठीच्या हक्कांपुरता. फुलांसाठी, कासवांसाठी असा हक्क त्यात बसत नाही. आणि खरं सांगायचं तर कलम ६३ नसतं तरी मला हा मार्ग कोकणात नको होता. शहरातली संस्था येऊन जमीन घेते, तारेचं कुंपण घालते आणि गावाच्या गुरांना बंदी करते, हे दृश्य दलालाने घेतलेल्या जमिनीपेक्षा गावाला फारसं वेगळं दिसणार नाही. राखण गावाचीच हवी.

गावाची राखण म्हणजे नेमकं काय, हे कोकणाला शिकवायची गरज नाही. देवराया, देवरहाट्या उरल्या त्या कोणी पहारा बसवला म्हणून नाही. वर्षातून ठरलेल्या दिवशी गाव तिथे जमतं, मानकरी उभे राहतात, गाऱ्हाणं घातलं जातं. शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसते, वाडीवाडीतून फिरते. कोणाच्या अंगणातून जायचं, कुठल्या झाडाखाली थांबायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं, आणि त्या वाटेवर कोणी घर बांधायला काढलं तर गाव सगळं काम सोडून धावतं. मालवणजवळच्या आचऱ्यात दर चार वर्षांनी गावपळण होते. तीन दिवस आख्खं गाव वेशीबाहेर जाऊन राहतं. या सगळ्यांत भक्ती आहेच, पण त्याबरोबर एक रोखठोक व्यवहारही आहे: अमुक जागा सगळ्यांची आहे, याची दरवर्षी सगळ्यांदेखत उजळणी. नवे महोत्सव या जातीचे व्हायला हवेत. वाळू बघून घरी जाण्याऐवजी जमिनीच्या हद्दीवरून चालणारे.

आता मूळ मुद्दा. कोकणातल्या जमिनीचं दुखणं असं की जमिनीविषयी मत देणारे आणि जमिनीचे मालक ही दोन वेगळी माणसं झाली आहेत. ग्रामसभेत हात वर करायचा अधिकार गावच्या मतदारयादीतल्या माणसाला. सातबाऱ्यावरची निम्मी नावं मुंबई, ठाणे, पुणे इथे राहणाऱ्यांची. ग्रामसभा सड्यावर खाण नको म्हणून ठराव करते आणि त्याच आठवड्यात डोंबिवलीत बसलेला एक हिस्सेदार आपला अपूर्णांक विकून मोकळा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने ती जमीन कधी नीट पाहिलेलीच नसते. त्याच्यासाठी तो कागदावरचा एक आकडा असतो, मुलीच्या शिक्षणाला किंवा घराच्या हप्त्याला उपयोगी पडणारा. दुसरीकडे त्या हिस्सेदाराला जमीन राखायची इच्छा असली तरी ग्रामसभेत त्याला आवाज नाही. ही दोन माणसं एका जागी येतात ती वर्षातून तीनदा: शिमगा, मे महिना आणि गणपती. जमिनीसाठी कार्यक्रम करायचा असेल तर त्याच वेळी करायला हवा. आज आपण तो पाहुण्यांच्या सोयीने, जोडून आलेल्या सुट्ट्या पाहून ठेवतो. मालकांच्या सोयीने ठेवायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

गणपतीचे दिवस तर यासाठी जणू नेमून दिल्यासारखे आहेत. ऐन त्याच दिवसांत सडा फुललेला असतो. गौरीसाठी तेरडा आणायला बायका पाणवठ्याच्या कडेने हिंडतात. सिंधुदुर्गात माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला, बांधायला कवंडळं, शेरवडं, कळलावी आणायला पोरं रानात जातात. रानात जायचं निमित्त घरातच आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी गावाने मिळून सड्यावर जावं, मुंबईकर भावकीला सोबत घ्यावं, हातात गाव नकाशा आणि सातबारे असावेत. हा आपला गट, ही हद्द, हे तळं, या पाण्याने खालची विहीर भरते, ही कोरलेली आकृती. फुलांची नावं सांगणारा एखादा अभ्यासक असावा, आणि त्याच्या जोडीला तलाठ्याकडच्या नोंदी वाचता येणारा माणूसही असावा. दुसरा मला जास्त गरजेचा वाटतो.

शेतकऱ्याचा प्रश्न मात्र इथे टाळता येणार नाही. तो विचारेल, आणि विचारायलाच हवं: तुमच्या फुलांसाठी मी माझी जमीन का अडकवून ठेवू? चिरेखाणवाला आज रोख देतोय. सुरुंग लावून खड्डे घेतले, माती भरली, तर काजूची-आंब्याची बाग होईल. तुम्ही काय देणार? याला पर्यावरणाचं महत्त्व सांगून उत्तर देणं हा त्या माणसाचा अपमान आहे. उत्तर पैशातच द्यायला हवं. कार्यक्रमाचं उत्पन्न आज जेवण, राहणं, वाहतूक यांत वाटलं जातं. म्हणजे ज्याच्याकडे घर आहे त्याला मिळतं, ज्याची जमीन मोकळी राहिली म्हणून लोक आले त्याला काहीच नाही. येणाऱ्या प्रत्येकाकडून घेतलेल्या शुल्कातला ठरावीक भाग अशा जमीनमालकांना दरवर्षी मिळायला हवा, लेखी कराराने, नोंदणी केलेल्या भाडेपट्ट्याने. भावकीतल्या प्रत्येक हिस्सेदाराला त्याच्या वाट्याप्रमाणे. रक्कम खाणीइतकी होणार नाही. पण खाण एकदाच पैसे देते आणि विहीर घेऊन जाते, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्याला दुसरा पर्याय समोर ठेवलेला हवा, एवढंच.

कायद्याची एक वाटही गावाच्या हातात आहे आणि ती फार कमी गावं वापरतात. जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते; बहुतेक ठिकाणी ती कागदावरच असते. त्याच कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं, आणि त्यामुळे ज्याचं नुकसान होईल त्याला भरपाई देण्याची योजना करण्याची जबाबदारीही त्याच कलमाने सरकारवर टाकली आहे. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथली जायफळ कुळातल्या झाडांची दलदल अशी जाहीर झाली आहे. क्षेत्र अवघं २.५९ हेक्टर. मोठ्या अभयारण्याच्या घोषणेने गावं बिथरतात. अडीच हेक्टरची राई, एखादा कातळशिल्पाचा माळ, सुरूच्या बनामागचा एक वाळूचा पट्टा गावाला झेपतो. आधी असं लहान काम हाती घ्यावं.

म्हणून कार्यक्रमाच्या आयोजकांना एकच विचारावं, किती लोक आले हे नव्हे: यातून कागदावर काय चढलं? गणपतीतल्या फेरीनंतर २ ऑक्टोबरची ग्रामसभा येते. तिच्या विषयपत्रिकेत हा विषय आधीच नोंदवलेला हवा, आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब होऊ नये म्हणून महोत्सवाला जशी माणसं घरोघर जाऊन बोलावली तशी त्या दिवशीही बोलवायला हवीत. ‘गावाचा निसर्ग जपण्याचा निर्धार करण्यात येत आहे’ असला ठराव कोणाच्याच उपयोगाचा नाही. तो कुठल्याही खाणीला आडवा येत नाही. ठरावात गट क्रमांक हवेत, क्षेत्र हवं, त्या जागेवर काय आहे त्याची यादी हवी, जैवविविधता समितीच्या नोंदवहीतलं पान जोडलेलं हवं, आणि हिस्सेदारांची संमतिपत्रं सोबत हवीत. ती संमतिपत्रं गणपतीच्या दिवसांतच घेतलेली असली पाहिजेत, कारण ऑक्टोबरला ती माणसं पुन्हा मुंबईच्या लोकलमध्ये असतात.